फार्गोचं घर: तळघर आणि वसंतातला पूर (कामाची वही, ऑक्टोबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९)

७ ऑक्टोबर २०१८

फार्गोतल्या (अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यात) घराचा ताबा उन्हाळ्यात मिळाला. सामान अजून खोक्यांत आहे, पण पाण्याची कामं आधी. नोव्हेंबरमध्ये जमीन गोठली की फावडं आत जात नाही, आणि जमीन मोकळी होते तेव्हा नदी दाराशी असते. म्हणजे एप्रिलच्या पुराचं काम करायला हाच महिना.

सांगलीहून दादा दर फोनला विचारतो, "तिथं कसला पूर, पाऊस तर तुमच्याकडं पडत नाही." त्याच्यासाठी एकदाच लिहून ठेवतो. ही रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, कॅनडात विनिपेग सरोवराला मिळते. वसंतात दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो. ते पाणी उत्तरेला निघतं तर पुढे नदी अजून गोठलेली. त्यात हे खोरं म्हणजे अगासी नावाच्या हिमयुगातल्या सरोवराचा तळ. नदीला उतार मैलाला जेमतेम अर्धा फूट. पाणी वाहत नाही, पसरतं. १९९३ पासून २०११ पर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही की नदीने फार्गोला १८ फुटांची पूरपातळी ओलांडली नाही.

आमचं घर शहराच्या दक्षिणेला, गावाच्या पक्क्या बांधाबाहेर. नदीकाठची पहिली रांग सरकारने विकत घेऊन पाडली, तिथे आता नुसतं गवत. म्हणजे आमचं घर न हलता पहिल्या रांगेत आलं. घर स्वस्तात का मिळालं याचं उत्तर खिडकीतून दिसतं.

१३ ऑक्टोबर

पातळ्या. या एका कामाला सर्वेक्षक बोलावला, बाकी सगळं स्वतः करायचा विचार आहे.

इथे नदीची उंची फुटांत सांगतात. सांगलीकराला हे शिकवावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे तिथलं शाळकरी पोरही सांगतं. फार्गोच्या मोजपट्टीवर १८ ला पूर सुरू, २५ ला मध्यम, ३० ला मोठा. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून सुमारे ८६२ फुटांवर आहे. आम्ही मोजपट्टीच्या वरच्या अंगाला राहतो, त्यामुळे आमच्यापाशी पाणी थोडं जास्त चढतं. सर्वेक्षकाने तो फरक धरून घराच्या सगळ्या उंच्या मोजपट्टीच्या भाषेत काढून दिल्या:

तळघराची फरशी ३०. मागच्या अंगणातला सखल पट्टा ३५.५. बाकीचं अंगण ३७. तळमजल्याची फरशी ३९.५.

याच्याशेजारी जुने पूर मांडले. १९९७ ला ३९.७, २००९ ला ४०.८४ (हा आजवरचा सर्वांत मोठा), २०१० ला ३७ च्या जवळ, २०११ ला ३८.८. २००९ सारखं पाणी आलं तर तळमजल्यात सव्वा फुटाहून जास्त पाणी. ते वाचवणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही. पण ३० ते ३७ मधले पूर जास्त वेळा येतात, आणि त्यात अंगण कोरडं असतानाही तळघराची फरशी नदीच्या खाली असते. माझी खरी लढाई ह्या सात फुटांत आहे.

आम्ही घरात ज्यांना पलीकडचे आजोबा म्हणतो ते कुंपणावरून सर्वेक्षकाची धावपळ बघत होते. त्यांनी १९९७ आणि २००९ दोन्ही याच घरात काढले. म्हणाले, सगळे नदीकडे बघत बसतात, तू तुझ्या फरशीतल्या जाळीकडे बघ.

२० ऑक्टोबर

बाहेरची किरकोळ कामं. भिंतीलगतची माती वर्षानुवर्षं दबून उतार घराकडे झाला होता. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पडेल अशी माती ओढली. इथली माती काळी चिकण, आपल्याकडच्या मळीच्या रानासारखी. ओली असताना फावड्याला सोडत नाही, वाळली की बोट जाईल एवढी भेग. पन्हळींच्या नळांना पुढे लांब तुकडे जोडले. तळघराच्या खिडक्यांबाहेरच्या खड्ड्यांतला पालापाचोळा काढून वर झाकणं बसवली.

३ नोव्हेंबर

आजचा दिवस खड्ड्यातल्या पंपाचा. यावर सविस्तर लिहितो, कारण घर वाचवण्याचं निम्मं काम हेच आहे.

घराच्या पायाभोवती भोकांची नळी पुरलेली असते. जमिनीतलं पाणी तिच्यात झिरपतं आणि तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात येतं. तिथला पंप ते बाहेर फेकतो. आधीच्या मालकाने ठेवलेला पंप एक तृतीयांश अश्वशक्तीचा, तरंगता गोळा वायरला अडकत होता. तो काढून अर्ध्या अश्वशक्तीचा पाणबुडी पंप टाकला, गोळा उभ्या दांडीवर सरकणारा, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीला टेकून अडकायची भीती नाही. नळीत एनआरव्ही (फेकलेलं पाणी उलटं येऊ न देणारा) नवा. एनआरव्हीच्या खाली, पंपाजवळ, नळीला तीन-षोडशांश इंचाचं भोक पाडलं. हे भोक नसेल तर पंपाखाली हवा कोंडते आणि पंप नुसता घुमतो, पाणी उचलत नाही. विहिरीवर पंप बसवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, इथल्या दुकानात मात्र कुणी आपणहून बोललं नाही.

दुसरा पंप वर, बॅटरीवरचा. वीज जाते तेव्हाच वादळ असतं, आणि वादळ असतं तेव्हाच खड्डा भरतो. बॅटरी बोटींना वापरतात ती, पूर्ण उतरली तरी परत चढणारी. ती काही तास पुरेल, दिवस नाही. दिवसांसाठी जनरेटर लागेल. तो पुढच्या पगारावर. जनरेटर उघड्यावर आणि खिडक्यांपासून लांब ठेवायचा हे आत्ताच लिहून ठेवतो. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवणारे पुराऐवजी धुराने जातात.

मोजमापाची युक्ती: खड्डा १८ इंच व्यासाचा आहे, म्हणजे पाणी एक इंच चढलं की साधारण १.१ गॅलन. पंप बंद करून एक इंच चढायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. मिनिटाला किती पाणी येतंय ते लगेच कळतं. भिंतीवर इंचांची पट्टी चिकटवली. आज: एक इंचाला साडेतीन मिनिटं. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

१७ नोव्हेंबर

सांडपाण्याची झडप. हे काम परवानाधारक प्लंबरचंच, कारण तळघराची फरशी फोडून मुख्य नळीत ती बसवावी लागते. सबंध दिवस धूळ, आणि दोन हजार डॉलरच्या आसपास बिल.

कारण असं: पुराच्या दिवसांत गावाच्या गटाराच्या नळ्यांत बाहेरचं पाणी शिरतं. नळ्या तुंबल्या की ते पाणी सगळ्यांत खालची वाट शोधतं, आणि ती वाट म्हणजे माझ्या तळघरातली मोरीची जाळी. स्वच्छ नदीचं नव्हे, अख्ख्या गल्लीचं. झडप उलट्या प्रवाहाने आपोआप मिटते. पण मिटली की आपलंही पाणी बाहेर जात नाही. म्हणजे झडप मिटलेली असताना आपण अंघोळ केली तर ती अंघोळ तळघरात आपल्याच पायाशी येणार. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे पूर आला की पारोसं राहायचं, हे स्पष्ट सांग ना.

जाळीत नुसतं रबरी बूच ठोकून काम भागतं असं काहीजण म्हणतात. भागतं, पण सगळ्या वाटा बुजवून बाहेर पाणी चढू दिलं तर ते खालून फरशी ढकलतं. हिशोब करून पाहिला. एक घनफूट पाणी ६२.४ पौंडांचं. नदी फरशीपेक्षा पाच फूट वर असेल आणि तो सगळा दाब फरशीखाली पोचला तर प्रत्येक चौरस फुटाला ३१२ पौंड वरच्या दिशेने. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस फुटाला ५० पौंड. फरशी उचलली जाणारच. चिकणमाती दाब पूर्ण पोचू देत नाही आणि पायाची नळी तो उतरवते, म्हणूनच घरं उभी आहेत. तात्पर्य एवढंच की पंप चालू राहणं हे बूच ठोकण्याहून महत्त्वाचं.

याचाच दुसरा भाग, शेती विद्यापीठाच्या पत्रकांत हमखास असलेला: तळघर भरलंच तर पाणी ओसरल्यावर एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती अजून भिजलेली असते, आतला आधार गेला की भिंती आत येतात. रोज थोडं उपसायचं, खूण करायची, बाहेरचं पाणी आत परत चढतंय का बघायचं.

२८ डिसेंबर

वहीतलं काम काही नाही, बातमी आहे. काल मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने फार्गोच्या वळण कालव्याच्या सुधारित आराखड्याला परवाना दिला. शहराच्या पश्चिमेने ३० मैलांचा कालवा, दक्षिणेला लांब बांध आणि दरवाजे. मोठ्या पुरात पाणी बांधामागे थांबवून बेताबेताने कालव्यातून सोडायचं. खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. २०१६ ला याच खात्याने पहिला आराखडा नाकारला होता, २०१७ ला न्यायालयाने काम थांबवलं होतं. विनिपेगने १९५० च्या पुरानंतर असाच ४७ किलोमीटरचा कालवा खणला आणि १९६८ ला पुरा केला. तो आज तिथलं शहर राखतो.

भांडण कशाचं? बांधामागे ज्यांच्या शेतात पाणी उभं राहणार त्यांचं. नदीच्या एका काठाला नॉर्थ डकोटा, दुसऱ्या काठाला मिनेसोटा. शहराला पाणी नको, म्हणून ते वरच्या गावांच्या रानात. ऑफिसात कुणी हे समजावून सांगायला लागलं की मी म्हणतो, थांबा, आमच्याकडे अलमट्टी आहे. धरण कर्नाटकात, पाणी कुणाच्या अंगणात फुगतं यावर वाद महाराष्ट्रात, आणि धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायची म्हटलं की सांगली-कोल्हापुरात मोर्चे. दोन्हीकडे अभियंत्यांचे आकडे बरोबर असतात आणि दोन्हीकडे शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहतो: बाकीचे वाचले, माझं काय? मी स्वतः बांधाच्या शहराकडच्या बाजूला येईन, म्हणून कालवा मला हवाच आहे. तरी ज्यांचं शेत जाणार त्यांना आडमुठे म्हणणं मला जमत नाही.

३० जानेवारी २०१९

उणे ३० फॅरनहाइटच्या खाली. पंपाची बाहेरची नळी तोंडाशी गोठली होती. भिंतीलगत नळीला जाळीचा सुटा तुकडा जोडलेला आहे, पुढे गोठलं तर पाणी तिथून बाहेर पडतं. पडत होतं. भिंतीवर बर्फाचा हा मोठा गोळा झाला, पण पंप चालू.

विमा: सरकारी पूर विमा घेतल्यावर लागू व्हायला ३० दिवस लागतात. म्हणजे मार्चमध्ये नदीकडे बघून घ्यायचा म्हटलं तर उशीर. आज अर्ज भरला. घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. तळघरासाठी बारीक अक्षरं वाचावी लागली: घर गरम ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, विजेचं पॅनेल, पंप यांचे पैसे मिळतात, गालिचा, लाकडी भिंती, सोफा यांचे नाहीत. गटाराचं पाणी उलटलं तर तो वेगळाच प्रकार, त्यासाठी घराच्या नेहमीच्या विम्याला जोड घ्यावी लागते. तीही घेतली.

२३ फेब्रुवारी

महिनाभर बर्फ पडतोय. आज छपराखालचा बर्फ भिंतीपासून पाच-सहा फूट लांब ओढला. वितळला की तो पायाशी जायला नको. कंबर मोडली.

पुराचा अंदाज कशावर बांधतात ते वाचत होतो. जमिनीतल्या खनिजांतून गॅमा किरण सतत निघत असतात, पाणी ते अडवतं. हवामान खात्याचं छोटं विमान थंडीआधी जमिनीवरून पाचशे फुटांवर उडतं, ठरलेल्या रेघांवर किरण मोजतं. बर्फ पडल्यावर पुन्हा त्याच रेघांवर. जेवढे किरण कमी, तेवढं बर्फात पाणी. अंदाजाचं काम मिनेसोटातल्या चॅनहॅसन या गावी चालतं. बर्फाची जाडी फसवी असते: ताजा दहा इंच म्हणजे एक इंच पाणी, पण मार्चमधला दबलेला तीन-चार इंचच तेवढं पाणी धरतो.

आकडा काहीही येवो, पाच गोष्टी जुळल्या की पूर मोठा: शरदात भिजलेली माती, खोल गोठलेली जमीन, बर्फात भरपूर पाणी, उशिरा आणि अचानक वितळणं, आणि वितळताना पाऊस. यंदा पहिल्या तीन आहेतच.

१६ मार्च

मोठं वादळ दक्षिणेने गेलं. नेब्रास्कात गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला आणि बर्फ एका दिवसात निघाला. परवा नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण बर्फाच्या लाद्यांसकट फुटलं. आमच्या खोऱ्यावर तो पाऊस झाला असता तर ही वही वेगळी झाली असती.

अंदाजाचा पट्टा आता ३५ च्या आसपासपासून ४० पर्यंत पसरला आहे. तळघरातलं सगळं वर आणलं. खोकी अजून उघडली नव्हती, ते बरंच झालं.

२४ मार्च

पोत्यांचा हिशोब. नियम असा की वाळूच्या पोत्यांचा बांध जेवढा उंच त्याच्या तिप्पट पाया रुंद. एक फूट उंचीला बांधाच्या प्रत्येक फुटामागे ६ पोती, दोन फुटांना २१, तीन फुटांना ४५, चार फुटांना ७८. उंची दुप्पट केली की पोती साडेतीनपट.

सखल पट्टा ६० फूट लांब, दोन फूट उंच बांध हवा: १,२६० पोती. एक पोतं ३५ पौंड धरलं तर वीस टन वाळू. हे जमेल. अख्ख्या घराभोवती २०० फूट, तीन फूट उंच बांधायचं म्हटलं तर ९,००० पोती, १४० टनांहून जास्त, आणि चोवीस तास पहारा. २००९ ला लोकांनी ते केलं, शेकडो विद्यार्थी रांगा लावून पोती पुढे देत होते. मी बायकोबरोबर बसून रेघ ठरवली: ३७ पर्यंत लढायचं, अंदाज त्याच्या वर गेला तर वीज बंद, गॅस बंद, कागदपत्रं घेऊन गावातल्या मित्राकडे.

आणि अंदाजावर दोन फुटांची भर नेहमी धरायची. १९९७ ला खाली ग्रँड फोर्क्सला ४९ फूट येईल असं सांगितलं होतं, पाणी ५४ च्या वर गेलं. शहर रिकामं करावं लागलं आणि पाण्यात उभ्या बाजारपेठेत आग लागली, अकरा इमारती जळाल्या.

२८ मार्च

संध्याकाळी शहराच्या पोती भरण्याच्या केंद्रात. एरवी तिथे कचऱ्याच्या गाड्या उभ्या असतात. मधोमध एक यंत्र, वर वाळूची टाकी, चारी बाजूंनी नळ्या. त्याला सगळे कोळी म्हणतात. नळीखाली पोतं धरायचं, अर्ध्याहून जरा जास्त भरलं की सरकवायचं. ठासून भरलेलं पोतं दगडासारखं बसतं आणि दोन पोत्यांत फट राहते. हायस्कूलची मुलं, सुट्टी टाकून आलेले बँकवाले, आणि आमच्या मराठी मंडळींपैकी चौघे-पाच. कुणीतरी बटाटेवडे आणले होते. शेजारच्या बाकावरच्या आजींनी तीन खाल्ले आणि तिखट आहे म्हणाल्या.

केंद्र गरम ठेवतात याचं कारण आज कळलं. बाहेर ठेवलेली पोती रात्रीत गोठतात, आणि गोठलेलं पोतं खालच्या पोत्यावर बसत नाही.

३१ मार्च

सखल पट्ट्यावर बांध घातला. आधी बर्फ आणि गवत खरवडून जमीन उघडी केली, मधून एक उथळ चर खणला म्हणजे बांध जागेवर धरून राहील. चर म्हणजे काय, वरची दोन इंच माती सुटली, खाली अजून दगड. पोती बांधाच्या लांबीला समांतर, तोंड दुमडून खाली, वीटकामासारखे सांधे मोडत, प्रत्येक थर पायाने चेपून. नदीच्या बाजूने सहा मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिकचा कागद, सैल. ताणून लावला तर पाण्याच्या दाबाने फाटतो.

बांध नदीकाठाकडे सरकवावा असा मोह होत होता, अंगण जास्त वाचलं असतं. आजोबांनी हटकलं. इथला चिकण काठ वजनाने घसरतो, म्हणून शहराचे पक्के बांधही नदीपासून हटून आहेत. वीस टन वाळू काठावर ठेवणं म्हणजे काठ स्वतःच्या हाताने नदीत ढकलणं.

३ एप्रिल

मोजपट्टी ३० च्या वर. खड्ड्यात एक इंच आठ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला आठ गॅलन. पंप चाळीस सहज उचलतो. फरशी कोरडी.

पश्चिमेला शेतं म्हणजे एकच पाणी. इथे दर मैलाला सरळ रस्ता, आणि प्रत्येक रस्ता बांधासारखा पाणी अडवतो. रस्त्याखालच्या मोऱ्या बर्फाने बुजलेल्या. काउंटीचे लोक वाफेच्या नळीने त्या मोकळ्या करत फिरतायत. नदीच्या पाण्याइतकंच हे शेतातलं पाणीही घरात शिरतं, आणि ते कुठल्याच मोजपट्टीवर दिसत नाही.

५ एप्रिल

झडप मिटली. कळलं कसं? तळमजल्यावर हात धुतले आणि तळघरातल्या मोरीत पाणी बुडबुडलं. घरातले सगळे नळ बंद. अंघोळ कामाच्या ठिकाणी, बाकी गावातल्या मित्राकडे. रात्री पंपाजवळ पाळी लावून झोपलो.

पहाटे वीज गेली, तासाभराने आली. बॅटरीचा पंप आपोआप लागला. घरात इतक्या गोष्टी घेतल्या, पण एवढ्या आनंदाने कुठलीच ऐकली नाही.

७ एप्रिल, रविवार

फार्गोला माथा: ३५ फुटांच्या जरा वर. आमच्या बांधाच्या पायाशी यायला पाण्याला अर्धा फूट कमी पडलं. म्हणजे १,२६० पोत्यांना पाणी शिवलंसुद्धा नाही. एक इंचाला सहा सेकंद, म्हणजे मिनिटाला अकरा गॅलन. मोटार हाताला गरम लागते, गोळा सरकतोय. ओळखीचे लोक बांधाचे फोटो काढून गेले. तळघरात यायला कुणी तयार नव्हतं.

१२ एप्रिल

पुन्हा वादळ, जास्त मार साउथ डकोटाला. नदी हळू उतरतेय. इथे पूर चढतो तसाच सावकाश उतरतो, उतार नसल्याचा तोही परिणाम. झडप उघडली, सगळ्यांनी अंघोळी केल्या.

२७ एप्रिल

पोती उचलली. ज्यांना पुराचं पाणी लागलं ती शहर गोळा करून नेतं. आमची कोरडी होती. थोडी वाळू शेजारच्या मुलांच्या खेळाला, बाकी परत. वर्षभर जपून ठेवायचा विचार सोडला, उन्हाने पोत्याचा कापड कुजतो आणि उंदीर घर करतात.

खर्चाची बेरीज: सर्वांत महाग झडप, मग विमा, मग दोन पंप आणि बॅटरी. पोती सर्वांत स्वस्त पडली आणि श्रम सगळ्यात जास्त तिथेच गेले.

९ ऑगस्ट

सांगली. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर, २००५ च्या खुणेच्याही वर. कृष्णाकाठी पाऊस, कोयनेचा विसर्ग, महामार्ग कोल्हापूरजवळ बंद. आई-बाबांना दादाने मंगळवारीच विश्रामबागेकडे मावशीकडे हलवलं. गावभागातलं घर पाण्यात.

रात्रभर फोन. मी महिन्यांच्या तयारीची वही लिहितो आणि त्यांना चार दिवसही मिळाले नाहीत. आवक वाढतेय, घर सोडा, एवढंच. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता नेहमीप्रमाणे आधी बुडाले. दादा म्हणाला, "नदी आमच्या दारात आलीच नव्हती अजून. आधी संडासातनं वर आलं बघ. बाबा म्हणत होते गटार तुंबलंय, माणूस बोलवा."

शेरीनाल्याचं लहानपणापासून ऐकलंय: नदी चढली की नाला उलटा वाहतो आणि बांधाआड बसलेल्या गल्ल्या पाठीमागून भरतात. फार्गोत मी ज्या झडपेला दोन हजार डॉलर मोजले, तीच गोष्ट.

१ सप्टेंबर

दादाचा फोन. चिखल काढून झाला, भिंती वाळतायत. मी सांगितलं: चेंबरच्या बाहेरच्या तोंडाला झडप बसव, मीटर आणि बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर घे, फ्रिज आणि गाद्यांसाठी वर पक्का माळा. फ्रिजचं मान्य. मीटरसाठी वीज कंपनीला अर्ज करतो म्हणाला. झडपेवर त्याचा सवाल: "सगळ्या गल्लीनं नाही बसवली तर पाणी जाणार कुठं?" शेजाऱ्याकडे. तेच फार्गोच्या कालव्याचं, तेच अलमट्टीचं. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून करायचं का, यावर ते गणपतीनंतर बसणार आहेत. सांगलीतल्या एका प्लंबरने पीव्हीसीची झडप असते म्हणून सांगितलं, चार इंची, मागवावी लागेल. साफ कोण करणार हेही आधी ठरवा म्हटलं; काडीकचरा अडकला की ती मिटत नाही, मग असून नसल्यासारखी.

१३ ऑक्टोबर

सप्टेंबर भिजका गेला, आणि परवापासून ऑक्टोबरातच हिमवादळ. बीट आणि सोयाबीन शेतात उभं. जमीन गोठण्याआधीच पाण्याने भरलेली आहे, म्हणजे पाचांतली पहिली अट पुरी.

आजची कामं: एनआरव्ही काढून घासला, आत वाळूचे कण होते. झडपेचं झाकण उघडून रबर तपासलं. बॅटरीचं पाणी भरलं, भार टाकून चालवली. जनरेटर घेतला, त्याची जोडणी वीजवाला पुढच्या आठवड्यात करणार. विम्याचं नूतनीकरण फेब्रुवारीअखेर. मागच्या नोव्हेंबरात खड्डा जवळजवळ कोरडा होता. आज एक इंचाला चाळीस सेकंद.